जत्रेला निघालेल्या बैलांचे पाणी

वैशाख शुद्ध पंचमीस डिचोली महालातील शिरगावी श्रीलईराई देवीची जत्रा भरते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. सोवळ्याने व्रत पाळणारे धोंड, त्यांच्या हातांतील वेताच्या काठ्या, रात्री पेटणारे होमखण आणि पहाटे त्या निखाऱ्यांवरून होणारे अग्निदिव्य यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. देवीच्या भावंडांची कथा तर घरोघर ठाऊक आहे. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण यांना बहिणी मानणारी ही भूमी आहे. परंतु जत्रेला येणाऱ्या माणसांविषयी एवढे लिहिले जात असता, त्या माणसांस जत्रेपर्यंत ओढून आणणाऱ्या बैलांविषयी फारसे काही लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही. मोटारगाड्या येण्यापूर्वी लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसे, शिधा, अंथरूण-पांघरूण हे सारे बैलगाडीवर लादूनच जत्रेला निघावे लागे. उन्हाळा ऐन भरात असे. माणसाला वाटेत कुणीही घोटभर पाणी देई. बैल काय पीत?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तो धरून चालू लागले, म्हणजे आमच्या गावांच्या रचनेचा, देवस्थानांच्या तळ्यांचा आणि एका फार अप्रिय गोष्टीचाही इतिहास हाती येतो.

प्रथम हिशेब पाहू. उन्हाळ्यात कामाला जुंपलेला एक बैल दिवसाकाठी तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो. अंगाने मोठा असला आणि वाट चढणीची असली तर त्याहूनही अधिक. म्हणजे जोडीला साठ ते ऐंशी लिटर पाणी हवे. हे पाणी घरून न्यावयाचे तर वजनाने एक धट्टाकट्टा माणूस गाडीत अधिक बसविल्यासारखे होते. शिवाय कच्च्या वाटेवर गाडीला बसणाऱ्या हिसक्यांनी तोंडाशी भरलेल्या घागरी निम्म्या सांडतात, त्या वेगळ्याच. बैलांचे पाणी बैलांनीच ओढावयाचे, आणि ते ओढण्याच्या श्रमाने त्यांची तहान आणखी वाढावयाची, असा तो उलटा व्यवहार झाला असता. म्हणून शहाणा गाडीवान पाणी नेत नसे. तो पोहरा नेई, आणि काथ्याचा लांब दोर नेई, ज्यास कोंकणीत राजू म्हणतात. पाणी वाटेवर असलेच पाहिजे, हे गृहीत धरूनच गाडी जुंपली जात असे.

आता हे पाणी वाटेवर कोठे असावयाचे? बाहेरच्या माणसास वाटेल की गोव्यात पाण्याची काय वाण? वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस येथे पडतो. पण त्यातला बहुतेक सारा मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत पडून जातो. पेडणे आणि डिचोली या महालांचा पुष्कळसा भाग जांभ्या दगडाच्या सड्यांनी व्यापलेला आहे. पावसाळ्यात हे सडे हिरवेगार दिसतात, दगडांच्या खळग्यांत पाणी साचते आणि गुरे मन मानेल तेथे पितात. दिवाळी झाली की गवत पिवळे पडते, माघ-फाल्गुनात सड्यावर थेंब उरत नाही. जांभा सच्छिद्र असल्यामुळे वरचे पाणी आत मुरते आणि सड्याच्या पायथ्याशी, चढण जेथे संपते तेथे, झरीच्या रूपाने बाहेर येते. आमची जुनी वस्ती, कुळागरे आणि देवळे सड्याच्या माथ्यावर क्वचित आणि पायथ्याच्या झरीशी बहुधा का आढळतात, याचे उत्तर येथे आहे.

नद्यांचीही एक गंमत आहे. शापोरा आणि मांडवी या भरतीओहोटीच्या नद्या. वैशाखात त्यांत खारे पाणी आतवर शिरलेले असते. पेडण्याहून धारगळ उतरून कोलवाळच्या काठाशी आलेल्या बैलापुढे नदी दुथडी भरून वाहत असे, आणि त्यात तोंड घालण्याजोगा एक घोट नसे. तहानलेले जनावर खारे पाणी प्यालेच तर त्याची तहान वाढते आणि पोट बिघडते. म्हणून पेडण्याकडच्या गाडीवानांस नदी येण्यापूर्वीच्या वस्तीत बैल पाजून घ्यावे लागत आणि नदी ओलांडल्यावर पुढचे गोडे पाणी थिवी-अस्नोड्याच्या बाजूला शोधावे लागे. वाट अंतराने नव्हे, तर पाणवठ्यांनी मोजली जात असे. भरल्या गाडीचा बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालतो, हे ध्यानी घेतले म्हणजे पेडणे ते शिरगाव ही आज मोटारीने तासाभराच्या आतली वाट त्या काळी दोन-तीन पाणवठ्यांची, म्हणजे जवळजवळ सबंध दिवसाची होती, हे कळेल.

बैल पाजण्यालाही रीत असे. गाडी थांबली की लगेच पाणी दाखवावयाचे नाही. जू काढावे, सावलीत उभे करावे, अंगावरचा घाम वाळू द्यावा, मग पाणी. तापलेले जनावर अधाशासारखे पिऊ लागले तर पाण्यावर मूठभर पेंढा टाकीत, म्हणजे त्याला फुंकर मारीत, पेंढा बाजूला सारीत सावकाश प्यावे लागे. ज्या घरी उतरावयाचे तेथे तांदळाचे धुवण आणि पेजेचे निवळ बैलांसाठी राखून ठेवलेले असे. जत्रेच्या दिवशी पन्नास पाने उठणाऱ्या घरात धुवणाला तोटा नव्हता. पाहुण्याला गूळ-पाणी आणि पाहुण्याच्या बैलाला धुवण, एवढे झाले म्हणजे यजमानाचा पहिला धर्म पार पडला.

परंतु सारेच कुणाच्या ना कुणाच्या घरी उतरत नसत. अशांसाठी विहिरीच्या काठाला लागून दगडी डोण असे. जांभ्याचे चिरे बांधून किंवा एकाच दगडात कोरून केलेले हे लांबट पात्र. विहिरीवर पाणी भरावयास येणाऱ्याने दोन पोहरे डोणीत ओतावे आणि मग आपली घागर भरावी, असा शिरस्ता महाराष्ट्रात आणि कोंकणपट्टीत पुष्कळ ठिकाणी होता. देवळाच्या तळीत गुरे घालावयाची नाहीत, तेथे स्नान व्हावयाचे. गुरांसाठी पलीकडे वेगळी तळी किंवा ओहोळात अडविलेला कोंड असावयाचा. गुरे पाण्यात उतरवावयाची ती कोठून, याचा विचार आमच्या पूर्वजांनी फार प्राचीन काळी केला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोध्यक्षाच्या प्रकरणी गुराख्यांस अशी आज्ञा आहे की, जेथे उतार सपाट व रुंद आहे, चिखल नाही आणि मगरीसारखे जलचर नाहीत, अशाच घाटावरून गुरांस पाण्यात उतरवावे. अशोकाने वाटांवर विहिरी खणविल्या आणि झाडे लावली, तेव्हा आपल्या लेखांत त्या पशूंच्या आणि मनुष्यांच्या उपभोगासाठी आहेत असे तो स्पष्ट सांगतो. पशू आणि मनुष्य यांचा एका वाक्यात उल्लेख करणारा राजा पुढे फारसा आढळत नाही, ही गोष्ट वेगळी.

जत्रेची गाडी वर्षातून एकदा निघे. व्यापाराचा बैल मात्र पावसाळा सोडून बारा महिने वाटेवर असे. पेडण्याच्या आगरवाड्यासारख्या गावी मिठागरे आहेत. बार्देशातही होती. नदीवाटे पडावांतून मीठ, नारळ, सुकी मासळी डिचोली-साखळीपर्यंत येई आणि तेथून वंजारी व लमाणी यांच्या बैलांच्या पाठीवर गोणी चढवून रामघाट, चोर्ला अशा घाटांनी देशावर जाई. परतताना धान्य येई. एका तांड्यात शेकडो बैल. यांना पाणी पाजण्याचा प्रश्न पोहऱ्याने सुटण्याजोगा नव्हता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिला. हे लोक दिवसाला सहा-सात मैलांपलीकडे जात नाहीत आणि तेही थंड वेळी, असे त्याने नोंदविले आहे. आळस हे त्याचे कारण नव्हे. बैल मोकळे सोडून चरावयास आणि पाजावयास लागणारा वेळ चालण्याच्या वेळेतूनच काढावा लागे. नाणेघाटासारख्या प्राचीन घाटवाटेवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात, ती अशाच वाहतुकीची साक्ष होत.

या वंजाऱ्यांसंबंधी एक परंपरा येथे सांगण्याजोगी आहे. शहाजहानच्या वेळी दक्षिणेवर आलेल्या फौजेबरोबर भंगी आणि झंगी नावाचे दोन नाईक एक लाख ऐंशी हजार बैल घेऊन धान्य पुरवीत होते. बैलांस पाणी आणि चारा मिळेना, तेव्हा त्यांनी वजीर असफखानाकडे तक्रार नेली, आणि त्याने त्यांस सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, असे सांगतात. दुसरीकडे कोठे पाणी न मिळाल्यास लोकांच्या घरातील रांजणातले पाणी घेण्याची आणि चारा न मिळाल्यास छपरावरचे गवत ओढण्याची मुभा त्यात होती. बैलांची संख्या फुगवलेली असेल, ताम्रपटाचा मजकूरही पुढे रचलेला असेल. तरी ज्याच्या मुखी ही कथा राहिली त्याला पाण्याच्या हक्काचे मोल किती कळले होते, हे तीवरून दिसते. ज्याच्या रांजणातले पाणी गेले त्या गृहिणीचे म्हणणे मात्र कोणत्याही ताम्रपटावर कोरलेले नाही.

आमच्याकडील घाटवाहतुकीला पुढे दोन धक्के बसले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातील मीठ इंग्रजांच्या नियंत्रणाखाली गेले. हा तह १८८० पासून बारा वर्षे अंमलात होता. आणि १८८८ साली मुरगावचा लोहमार्ग घाट चढून गेला, तेव्हा देशाशी होणारा व्यापार तिकडे वळला. बैलांचे तांडे ओसरले. गावातली बैलगाडी मात्र आणखी पाऊण शतक टिकली.

आता त्या अप्रिय गोष्टीकडे वळतो. ती टाळून हा लेख लिहिणे देवस्थानांच्या वाचकांपुढे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

गाडीवान पोहरा नेत असे, असे वर म्हटले. पण तो पोहरा प्रत्येक विहिरीत सोडण्याचा अधिकार प्रत्येक गाडीवानास नव्हता. गाडीचा मालक कोण, यावर ते अवलंबून नसे; पोहरा कोणाच्या हातातला, यावर असे. अस्पृश्य मानलेल्या गाडीवानाने जत्रेच्या वाटेवर विहिरीपासून दूर उभे राहावे, कोणी सवर्ण येऊन डोणीत पाणी ओतील तर त्याच्या बैलांनी ते प्यावे, आणि त्याच्या ओंजळीत कोणी वरून धार धरील तर त्याने प्यावे. नाही धरली तर बैल पाणी पिऊन तृप्त झालेले आणि माणूस तसाच कोरडा, असे गाडी पुढे हाकताना घडे. डोण ही मुक्या जनावरांवरील दयेची खूण म्हणून आम्ही अभिमानाने दाखवितो. ती तशी आहेही. परंतु विहिरीच्या काठापासून डोणीपर्यंतचे चार हातांचे अंतर हे काही माणसांस विहिरीपासून दूर ठेवण्याचेही अंतर होते.

महाडच्या चवदार तळ्यावर नेमका हाच सवाल उभा राहिला. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मंजूर झाला; पुढल्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला, पण तळे कागदावरच खुले राहिले. तेथे गुरे पाणी पीत होती, परधर्मीय माणसे पीत होती. फक्त अस्पृश्य मानलेल्या हिंदूंस मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर तळ्याची शुद्धी करण्यात आली ती गोमूत्र, शेण, दूध, दही घातलेल्या एकशे आठ घागरींनी. जनावराच्या स्पर्शाने न विटाळलेले पाणी माणसाच्या स्पर्शाने विटाळले आणि जनावराच्याच मलमूत्राने शुद्ध झाले. यावर अधिक भाष्य करण्याचे धैर्य आम्हांस नाही. तळ्याच्या हक्काचा वाद १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला.

आमच्याकडे पोर्तुगालात १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यावर कायद्याने सर्व नागरिक सारखे झाले. हिंदूंस त्याचा मोठा लाभ झाला आणि त्याविषयी आम्ही कृतज्ञतेने लिहीत आलो. पण आम्हांस मिळालेली समता आमच्या विहिरींच्या काठापर्यंत आम्ही पोचू दिली नाही. वेगळ्या वाड्यांच्या वेगळ्या विहिरी तशाच राहिल्या. १९६१ च्या मुक्तीनंतर भारताची राज्यघटना येथे लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. घटनाकारांनी हे शब्द उगाच घातले नाहीत.

असो. गुरांकडे परत येतो. गुरांसाठीच म्हणून एक दिवस आमच्याकडे आहे, तो दिवाळीतला पाडवा. गोरवां पाडव्यास गायी-बैलांस पहाटे न्हाऊ घालतात, ओवाळतात, गळ्यात माळा आणि पोळे बांधतात आणि रानात सोडतात. गुराखी धेंडलो सजवून नाचवीत घरोघर नेतात. त्या दिवशी गुरांबरोबर पाणी नेण्याचा प्रश्नच नसे. पाऊस नुकताच सरलेला, ओहोळ वाहते आणि सड्याच्या खळग्यांतही पाणी शिल्लक असे. सण लावणाराने गुरांच्या सहलीचा दिवस नेमका पाणी असताना निवडला, असे म्हणण्यास शास्त्राधार नाही, पण तसे वाटते खरे. त्याच न्यायाने नार्व्याच्या श्रीसप्तकोटीश्वराकडे गोकुळाष्टमीस पंचगंगेच्या स्नानाला जाणाऱ्यांच्या बैलांस भर श्रावणात चिखलाची चिंता असे, पाण्याची नसे. शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले हे देऊळ आणि शिरगावची लईराई एकाच डिचोली महालात आहेत. पण एकीकडच्या वाटेवर बैल रुतत आणि दुसरीकडच्या वाटेवर तहानेने जीभ काढीत.

बैलगाडी गेली ती मोटारींमुळे, हे उघड आहे. पाणवठे मात्र केवळ मोटारींमुळे गेले नाहीत. १९५० नंतरच्या दशकात डिचोली महालात लोखंडाच्या खाणी झपाट्याने वाढल्या. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की तळाला झिरपणारे पाणी पंपांनी उपसून टाकावे लागते, आणि ज्या झऱ्यांना ते पाणी मिळावयाचे ते आटतात. शिरगावसारख्या गावांतून विहिरी आटल्याची तक्रार कित्येक वर्षे होत आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबविले आणि २०१८ मध्ये अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. पुढे लिलाव होऊन डिचोली भागात खाणकामास पुन्हा आरंभ झाला. खाणीने कामही दिले, घरेही बांधली गेली, हे आम्ही नाकारीत नाही. ज्यांनी बैल विकून ट्रक घेतला त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण आटलेली झरी ट्रक विकून परत मिळत नाही. पेडण्याकडे मोपाच्या सड्यावर, जेथे धनगर आपली जनावरे चारीत, तेथे २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. तिळारीच्या कालव्यांनी या दोन्ही महालांत उन्हाळ्यातही पाणी आणले आहे, हा त्यातला दिलासा.

जनावरांस किती राबवावे याचे नियम आता सरकारने केले आहेत. १९६५ च्या नियमांप्रमाणे ओढकामाच्या जनावरास दिवसाला नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक जुंपता येत नाही. पारा सदतीस अंशांवर गेला तर दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. जुना गाडीवान यातले बरेचसे घड्याळ न पाहताच पाळीत असे, कारण भर दुपारी पुढच्या पाणवठ्यापर्यंत बैल पोचणार नाहीत, हे त्याला कळत असे. जो पाळीत नसे त्याचा बैल वाटेत बसे आणि जत्रेला गाडीतल्या मंडळींस पायी जावे लागे.

आता शिरगावच्या जत्रेस माणसे बसने आणि मोटारींनी येतात, धोंड अजूनही तळीत स्नान करतात. जुन्या विहिरींच्या काठच्या डोणी कोठे बुजल्या आहेत, कोठे त्यांत कपडे धुतले जातात, कोठे माती भरून झेंडूची रोपे लावली आहेत. पेडणे, डिचोली आणि सत्तरी या महालांतील ज्या वाचकांच्या गावी अशी डोण, गुरांची तळी किंवा तिचे नुसते नाव उरले असेल, त्यांनी ते लिहून पाठवावे. डोण कोणत्या विहिरीची, तीत पाणी कोण ओती, आणि त्या विहिरीवर पोहरा सोडण्याची कोणास मनाई होती, हे तिन्ही लिहावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गावातल्या वृद्ध मंडळींस ठाऊक असते. ते विचारावयास मात्र त्या वाड्यावर स्वतः जावे लागेल.